गाडी पाणी पिऊन राह्यली

मार्चचा दुसरा आठवडा. मृग बहाराची संत्री उतरत होती. साठ-सत्तर कॅरेट भरून मी पहाटेच तिवशाहून नागपूरच्या कळमना मार्केटला निघालो होतो. तळेगाव मागे पडलं, सत्याग्रही घाटाचा चढ लागला आणि टेम्परेचरचा काटा एकदम लाल रेघेला टेकला. गाडी कडेला घेता घेता इंजिन बंद पडलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वेळीच ब्रेक दाबला म्हणून वाचलो. बॉनेट उघडलं तर कुलंटची टाकी कोरडी. गाडीखाली वाकून पाहिलं, एक थेंब गळालेला नाही. सायलेन्सरच्या तोंडाला मात्र ओल होती, आणि तिला गोडसर वास येत होता.

माल दुसऱ्या गाडीत टाकून पाठवला. माझी पिकअप टोचन करून शोरूमला नेली. गाडी अडीच वर्षांची, वॉरंटी तीन वर्षांची, त्यामुळे मी निर्धास्त होतो. दोन दिवसांनी फोन आला: हेड वाकलं, गॅस्केट जळालं, खर्च लाखाच्या वर. "काका, तुम्ही कुलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकलं. वॉरंटीत बसत नाही."

पाणी मी टाकलं होतं, हे खरं. घाटात, इंजिन बंद पडल्यावर, प्यायच्या दोन बाटल्या. पण त्याआधी आठ महिन्यांत तीनदा मी याच काउंटरवर सांगितलं होतं की टाकीतलं कुलंट कमी होतं आणि गळती कुठं दिसत नाही. तसं बोललो, तेव्हा त्यांनी माझीच तीन जॉब कार्डं काढून पुढे ठेवली. तिन्हींवर निळ्या पेनानं एकच ओळ: 'जनरल चेकअप, कुलंट टॉप-अप.' खाली माझी सही.

माझी बाजू तिथंच पडली. मी तोंडानं सांगितलेलं कागदावर कुठंच नव्हतं. आणि वॉरंटीच्या भांडणात कागदावर नसलेलं घडलेलंच नसतं.

हंगाम चालू, हप्ता डोक्यावर. मी पैसे भरले. गाडी घ्यायला गेलो तेव्हा आतला एक फिटर हळूच म्हणाला, "भाऊ, हा जुना कूलर फेकू नका, घेऊन जा. याचा नंबर बदलला आता." त्यानं हातात दिलेला डबा म्हणजे ईजीआर कूलर. नव्या कूलरवर आणि जुन्यावर कोरलेले नंबर मी शेजारी धरून पाहिले. शेवटचं अक्षर वेगळं होतं.

अमरावतीच्या माझ्या मिस्त्रीनं तो डबा हातात घेतला, एक तोंड रबरानं बंद केलं, पाण्याच्या घमेल्यात बुडवला आणि दुसऱ्या तोंडातून हवा सोडली. जोडाच्या एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक रांग वर येऊ लागली. "आता समजलं का? गाडी पाणी पिऊन राह्यली होती. ही तिसरी गाडी हाय माझ्याकडे, याच मॉडेलची."

डिझेल गाडीत धुरातला विषारी नायट्रोजन ऑक्साईड कमी करायला थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवतात. तो आधी थंड करायला हा कूलर असतो. आतल्या पातळ नळ्यांच्या एका बाजूला कित्येकशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला कुलंट. जोड कमजोर असला तर तापून-निवून तडकतो. मग कुलंट खाली न गळता इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये जातं आणि वाफ होऊन उडतं. टाकी आटली की हेड वाकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, त्यात भरल्या गाडीला किती वेळ मिळणार?

नंबर बदलला म्हणजे दोष सिद्ध झाला, असं मी म्हणणार नाही. पण कंपनीनं तो भाग बदलला होता, आणि जुना भाग घेऊन घाट चढणाऱ्याला ते कोणी कळवलं नव्हतं. माझा राग यावर आहे. यंत्र आहे, चूक होणारच. ठाऊक झालेली चूक काउंटरमागे ठेवून गिऱ्हाइकाला बोअरच्या पाण्यावरून दोषी ठरवणं हे मला क्षमा करण्यासारखं वाटत नाही.

मनात आणलं तर कंपनीला सांगता येतं. जुलै २०२१ मध्ये महिंद्रानं नाशिकच्या कारखान्यातल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या स्वतःहून तपासायला बोलावल्या. कारखान्यात आलेल्या खराब इंधनाच्या एका खेपेमुळे इंजिनाचे भाग लवकर झिजतील, अशी शंका होती. त्याच महिन्यात २९,८७८ पिकअप गाड्या द्रवाची एक नळी तपासून बदलण्यासाठी बोलावल्या गेल्या. अमेरिकेत टोयोटानं २०२४ मध्ये टुंड्रा पिकअप आणि लेक्सस मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या. इंजिनात कारखान्यातलाच धातूचा कीस राहिला होता. त्या गाड्यांना कंपनीनं अख्खी इंजिनं बदलून द्यायचं ठरवलं.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-क आलं: गाडीतल्या दोषानं पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावायला लावू शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' पोर्टलवर करता येते. एकट्याच्या तक्रारीनं तिथं फारसं हलत नाही, कारण तक्रारींची संख्या मोजली जाते. म्हणून स्टँडवरच्या त्याच मॉडेलच्या सगळ्यांनी ती करायला हवी. चढावर इंजिन बंद पडणं हा फक्त खिशाचा प्रश्न नाही, मागच्या ट्रकवाल्याच्या जिवाचाही आहे.

खिशाचा प्रश्न ग्राहक आयोगात जातो. इथं मी दुसरी चूक केली. पिकअप धंद्याची गाडी, मग आपण कसले ग्राहक, असं धरून दीड वर्ष गप्प बसलो. अमरावतीच्या एका वकीलबाईंनी डोळे उघडले. पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला गाडी घेणारा ग्राहकच असतो, हे कायद्यात लिहिलेलं आहे, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालवाहू ट्रकचंच उदाहरण देऊन ते सांगितलं आहे. मदतीला एखादा माणूस ठेवला म्हणून हक्क जात नाही. पगारी चालकांवर पाच-सात गाड्या पळवणाऱ्याची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाची जबाबदारी वेगळ्या प्रकरणात मांडली आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. तिवशाच्या माणसाला मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये. मुदत मात्र दोन वर्षं. १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला तर मराठीत बोलता येतं.

तक्रारीत कंपनी आणि डीलर दोघांनाही घाला. डीलरच्या चुकीला उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात म्हटलं आहे. आणि सुटा भाग बदलून काम होत असेल, तर नवी गाडी मिळेल अशी आशा धरू नका. झालेला खर्च आणि बुडालेली भाडी मागा. त्यासाठी भाड्याची वही रोज लिहा.

मी दोघांनाही नोंदणीकृत डाकेनं नोटीस पाठवली, मिस्त्रीनं काढलेले बुडबुड्यांचे फोटो जोडले. महिन्याभरात पत्र आलं: 'सदिच्छा म्हणून' सुट्या भागांची किंमत परत देतो, मजुरी नाही, बुडालेल्या तेवीस दिवसांचं काही नाही. सोबत 'यापुढे कोणताही दावा नाही' अशा ओळीचा कागद. मुलीच्या फीचे दिवस होते. मी सही केली. ती करायला नको होती. जे देणं लागतात त्याला सदिच्छा म्हणून घेणं म्हणजे आपला हक्क आपणच सोडून देणं.

म्हणून हात जोडून सांगतो. कुलंट कमी होत असेल तर जॉब कार्डावर तुमच्या शब्दांत, तारखेसह, किलोमीटरसह ते लिहून घ्या. लिहीत नसतील तर सही करू नका, तिथल्या तिथं कंपनीला ईमेल करा. गाडीत कुलंटचा कॅन ठेवा आणि त्याचं बिल जपा. इंजिन उघडताना समोर उभे राहा, फोटो काढा, उतरवलेला भाग मागून घ्या. वॉरंटीत तो परत घेत असतील तर निदान नंबराचा फोटो ठेवा.

माझा जुना कूलर गोणपाटात बांधून घरी ठेवलेला आहे. तिवशात, कुऱ्ह्यात, मोझरीत ज्याची गाडी गळती न दिसता पाणी पीत असेल, त्यानं येऊन तो पाहावा आणि आपल्या गाडीवरचा नंबर ताडून घ्यावा.