मामांची मान आणि आमची पट्टी

"सीट खाली घ्यायची म्हणजे काय मामा, चार बोल्ट तर आहेत!"

मित्रांनो, हे वाक्य माझे आहे. रूममेटच्या मामांसमोर मी ते मोठ्या ऐटीत बोललो होतो. त्या चार बोल्टनी मला जेवढे एसओएम शिकवले, तेवढे पूर्ण सेमिस्टरने शिकवले नाही. म्हणून हा लेख. मेकॅनिकलवाल्यांनी आकडेमोड तपासावी, बाकीच्यांनी गोष्ट म्हणून वाचले तरी चालेल.

मामांची उंची सहा फूट तीन इंच. गाडी जुनी, सेकंडहँड, छोटी हॅचबॅक. सीट पूर्ण मागे सरकवली की पायांना जागा होते, पण डोके छताला टेकते. त्यामुळे दोन वर्षे मामा मान एका बाजूला कलती ठेवून गाडी चालवत होते. खड्डा आला की टाळू आणि छत यांची भेट ठरलेली. "या गाडीत बसलं की माणूस आपोआप नम्र होतो," असे ते हसत म्हणायचे. पण मान इतकी दुखायची की रात्री झोप नाही. दिवाळीची सुट्टी संपवून भाच्याला होस्टेलवर सोडायला आले, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले : मामांची मान सरळ करायची.

आम्ही काय केले?

सीट ज्या दोन रेलवर मागेपुढे सरकते, त्या रेलखाली पत्रा दाबून बनवलेले चार पाय होते. प्रत्येक पाय खाली फ्लोअरला आणि वर रेलला बोल्टने जोडलेला. हे पाय काढून बुटके पाय बसवले की सीट खाली! कॉलेजबाहेरच्या गॅरेजमध्ये ३ मिमी जाडीची, ४० मिमी रुंदीची माइल्ड स्टीलची पट्टी मिळाली. ती इंग्रजी झेड अक्षरासारखी वाकवली, एक भोक फ्लोअरच्या बोल्टसाठी आणि एक रेलसाठी पाडले. रेल आता फ्लोअरच्या भोकाच्या थेट वर येत नव्हती, ३० मिमी बाजूला सरकली होती; पण चारही पट्ट्या तशाच केल्याने सीट नीट बसली. जुन्या बोल्टपैकी दोन हरवले, म्हणून शेजारच्या हार्डवेअरमधून चारही नवे आणले.

सीट ३० मिमी खाली गेली. मामा बसले, मान ताठ केली, छताला हात लावून बघितले आणि आम्हा दोघांना मिसळ खाऊ घालून दुपारी गावाकडे निघाले. वाटेत घाट आहे. आम्ही खुशीत.

संध्याकाळी कँटीनमध्ये वर्कशॉपचे सर भेटले. आमचा पराक्रम त्यांना सांगितला. सरांनी कौतुक केले नाही. एकच प्रश्न विचारला :

"सीटबेल्टचं बकल कुठे बोल्ट केलंय?"

आम्ही एकमेकांकडे बघितले. बकल सीटलाच होते, आतल्या बाजूला, रेलच्या मागच्या टोकाशी.

"मग तुम्ही सीट खाली घेतली नाहीत. तुम्ही सीटबेल्टचा खिळा बदललात," सर म्हणाले. "कागद आहे का?"

कँटीनमधल्या पेपरवरचे गणित

आपण समजतो, बेल्ट माणसाला धरतो. पण बेल्टला कोण धरतो? तीन बिंदूंचा बेल्ट १९५९ साली व्होल्वो कंपनीत निल्स बोहलिन या इंजिनिअरने आणला. एक टोक खांद्याच्या वर खांबाला, दुसरे बाहेरच्या बाजूला खाली, आणि दोन्ही भाग आत कमरेजवळ बकलमध्ये एकत्र येतात. म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्याचे एक टोक बकलवर आणि कमरेच्या पट्ट्याचेही एक टोक बकलवर. घर्षण सोडून दिले तर एकूण ओढीपैकी साधारण निम्मी ओढ एकट्या बकलवर येते. अनेक गाड्यांत हे बकल सीटच्या सांगाड्याला असते, म्हणजे सीट मागेपुढे केली तरी ते कमरेपाशीच राहते. सोय चांगली, पण त्यामुळे ती ओढ सीटच्या पायांतूनच फ्लोअरमध्ये जाते.

आता आकडे घ्या. वेग ताशी ५० किमी, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. समोर आदळून माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला असे धरू. बॉनेटचे चेपणे आणि बेल्टचे ताणणे त्यातच आले.

मंदन = वेगाचा वर्ग ÷ (२ × अंतर) = १९३ ÷ १ = सेकंदवर्गाला १९३ मीटर, म्हणजे जवळजवळ २० जी.

८० किलोच्या माणसासाठी बल = ८० × १९३ = सुमारे १५,४०० न्यूटन. दीड टनाहून जास्त! त्याचा निम्मा भाग बकलवर : ७,७०० न्यूटन, म्हणजे पाऊण टनाहून थोडा अधिक.

आधी बोल्ट पाहू. एम ८ बोल्टचे ताण घेणारे क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिमी असते. जुन्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले होते. त्यातला पहिला आठ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल, आणि पुढचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० मेगापास्कलला, तो कायमचा ताणला जातो. असा बोल्ट सुमारे २१,००० न्यूटनपर्यंत सुखरूप राहतो. आम्ही आणलेल्या बोल्टच्या डोक्यावर काहीच नव्हते. आकडा नसलेला बोल्ट सर्वांत कमी प्रतीचा, ४.६ चा, धरायचा. त्याची सुखरूप मर्यादा सुमारे ८,२०० न्यूटन. आपला भार ७,७००. म्हणजे बोल्ट काठावर पास!

आम्ही सुटकेचा श्वास टाकला. सर म्हणाले, "बोल्टचं राहू दे. पट्टीचं बेंडिंग काढ."

आमची पट्टी भार सरळ रेषेत खाली नेत नव्हती, ३० मिमी बाजूने नेत होती. म्हणजे भार गुणिले अंतर :

बेंडिंग मोमेंट = ७,७०० × ३० = २,३१,००० न्यूटन-मिमी.

पट्टीचा सेक्शन मॉड्युलस = रुंदी × जाडीचा वर्ग ÷ ६ = ४० × ९ ÷ ६ = ६० घनमिमी.

स्ट्रेस = २,३१,००० ÷ ६० = ३,८५० मेगापास्कल.

माइल्ड स्टील साधारण २५० मेगापास्कलला हार मानते. पंधरापट! मागच्या दोन पट्ट्यांनी भार वाटून घेतला, म्हणून निम्मा करा. पट्टीची दोन्ही टोके घट्ट धरलेली आहेत, म्हणून आणखी निम्मा करा. तरीही जवळजवळ चौपट उरतो. म्हणजे खरी टक्कर झाली असती तर आमची झेड पट्टी उलगडत गेली असती, सीटचा मागचा भाग उचलला गेला असता आणि बेल्ट लावलेले मामा सीटसकट स्टिअरिंगवर गेले असते. बेल्ट शाबूत, बोल्टही कदाचित शाबूत.

रूममेटने कँटीनमधूनच फोन लावला. मामा पोचले होते. "अरे, एकदम झकास! घाटात मान सरळ. उद्या सकाळी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचंय, तीपण म्हणाली, भाच्यानं नाव काढलं." हे ऐकून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी फोन मी घेतला. "मामा, गाडी काढू नका. आमची चूक झालीय. उद्या दुसरी गाडी बघा." मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. एसटीनं जातो." रागावले असते तर बरे वाटले असते.

कंपन्या हे कसे तपासतात?

गणित चुकले असेल या आशेने मी लायब्ररी गाठली. युरोपात आणि इतर अनेक देशांत मानला जाणारा बेल्टच्या अँकरचा नियम आहे, ईसीई आर १४. त्यात साध्या मोटारीच्या खांद्याच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन ओढ देतात. अँकर सीटवर असेल तर सीटच्या वजनाच्या वीसपट बल वर आणखी. ईसीई आर १७ हा नियम सीटचा. त्यात सीट आणि तिचे पाय २० जी सोसतात का ते पाहतात. आपल्या पेपरवरचे २० जी तिथेही भेटले! १५ किलोची रिकामी सीट २० जीला ३०० किलोच्या ओढीने फ्लोअर सोडायला बघते. त्या साध्या दिसणाऱ्या दाबीव पायांनी ही परीक्षा दिलेली असते. आमची पट्टी फक्त मामांच्या वजनाची तोंडी परीक्षा देऊन पास झाली होती.

दुसरी गोष्ट कोनाची. कमरेचा पट्टा ओटीपोटाखालच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. आमच्या बदलात बकल सीटबरोबर खाली गेले, पण बेल्टचे बाहेरचे टोक गाडीच्या बॉडीला, जिथल्या तिथे. कंबर खाली आणि टोक तिथेच, म्हणजे त्या बाजूचा पट्टा जास्त आडवा झाला. पट्टा जितका आडवा, तितका माणूस टकरीत त्याच्या खालून पुढे घसरण्याचा धोका जास्त. याला सबमरीनिंग म्हणतात. तेव्हा पट्टा हाड सोडून पोटात रुततो.

मग डोक्याला जागा मिळवायची कुठून?

हेडरूम सीटच्या पृष्ठभागापासून मोजत नाहीत. बसलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा जिथे येतो त्याला एच-पॉइंट म्हणतात. तिथून उभ्या रेषेशी ८ अंश मागे कललेल्या रेषेवर छताच्या अस्तरापर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्यात १०२ मिमी मिळवायचे, अशी एसएईची पद्धत आहे. म्हणजे एच-पॉइंट खाली आणणारी प्रत्येक गोष्ट हेडरूम देते. त्यासाठी पायांनाच हात लावायला हवा असे नाही.

उंच माणसांची ही अडचण जुनी आहे. १९६७ साली ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या फोर्डच्या मार्क फोर गाडीत डॅन गर्नी या उंच ड्रायव्हरचे हेल्मेट मावेना. सीट खाली जाणे शक्य नव्हते, म्हणून छतालाच फुगवटा काढला. 'गर्नी बबल' म्हणून तो आजही ओळखला जातो. माझदाच्या मियाटा या छोट्या उघड्या गाडीचे उंच मालक सीटचा फोम तासतात. आमच्याकडे शर्यतीची गाडी नव्हती, पण फोम होता.

पुढच्या रविवारी आम्ही मूळ चार पाय पोत्यात घालून एसटीने मामांच्या गावी गेलो. जाताना ८.८ चे बोल्ट घेतले. क्रम असा ठेवला :

१. मूळ पाय मूळ जागी. गावातल्या मेकॅनिककडच्या टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या आकड्यानुसार बोल्ट आवळले.

२. मामांनी हौसेने घातलेले जाड सीट कव्हर आणि मण्यांची गादी काढली. यातच १४ मिमी मिळाले! दोन वर्षे मामा मण्यांवर बसून मान वाकवत होते.

३. सीटचा फोम खालच्या बाजूने, फक्त मागच्या भागात २५ मिमी तासला. फोम बसल्यावर दबतोच, त्यामुळे फायदा १३ मिमी. सीटची पुढची कड उंच असते ती सबमरीनिंग अडवायला, तिला हात लावला नाही.

४. पाठ एक खाच मागे केली. खुब्यापासून मानेपर्यंत ६०० मिमी धरले, तर २० अंशांवरून २५ अंशांवर गेल्याने २० मिमी मिळायला हवेत. आमची खाच लहान, १२ मिमी मिळाले. यापेक्षा मागे नेली नाही, कारण मग खांद्याचा पट्टा छातीपासून सुटतो आणि पुन्हा सबमरीनिंग.

बेरीज ३९ मिमी. पट्टीने दिलेल्यापेक्षा ९ मिमी जास्त, आणि एकही भोक न पाडता.

ही गाडी जुनी, म्हणून फोम तरी तासता आला. नव्या गाड्यांत सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असू शकते, सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी असतात. तिथे कव्हरसुद्धा स्वतः काढू नका. पाय बदलणे खरोखरच अटळ असेल, तर त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलचे कंपनीचे भाग बसतात का ते अधिकृत गॅरेजमध्ये विचारा. वेल्डिंग आपल्याला येते हे कारण पुरेसे नाही.

काम झाल्यावर मामांनी आईला पुढे बसवून गावातून एक चक्कर मारली. आजींच्या डोळ्यांवर हिरवा काळा चष्मा होता. आम्हाला बघून म्हणाल्या, "आता नीट केलंत ना रे?" आम्ही हो म्हणालो. या वेळी ते हो म्हणण्याआधी गणित केले होते.

एक झेड पट्टी आमच्या खोलीत टेबलावर आहे. फर्स्ट इयरचा कोणी आला की त्याला विचारतो, यातला सर्वांत कमकुवत भाग कोणता? बहुतेक जण बोल्ट म्हणतात. आम्हीही तेच म्हटले असते.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. ड्रायव्हरच्या सीटखाली टॉर्च मारून बकल कशाला जोडलेय ते पाहा. पायांखाली कोणी वॉशर, लाकडाची चकती, पट्टी असे काही घातले असेल तर बाबांना किंवा काकांना त्याच दिवशी सांगा. सरांना आम्ही विचारले असते, तर आमचा एक रविवार आणि आजींची एसटीतली एक फेरी वाचली असती.