परत कधी फिरायचं ते किनाऱ्यावरच ठरवा : हर्णैच्या समुद्रात मिळालेला धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी "धंदा कुठे थांबवायचा" यावर बोललो. त्यात हर्णैचा किस्सा दोन मिनिटांत उरकला. बऱ्याच जणांना तो सविस्तर हवा होता, आणि खरं सांगायचं तर आकडे व्हिडिओत नीट मांडता येत नाहीत. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझी परिस्थिती

पंचवटीत माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पिशव्या, डबे, खोके, टेप असा माल. ते बरं चालत होतं म्हणून पाथर्डी फाट्याकडे दुसरं दुकान टाकलं. उद्घाटनाला दोनशे लोक जेवून गेले. भांडवल कमी पडलं म्हणून बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. ती काही बोलली नाही, पण त्या कुठे आहेत हे रोज आम्हा दोघांनाही आठवत होतं.

चौदा महिने झाले तरी दुकान पाय रोवत नव्हतं. मी मात्र रोज नवीन कारण शोधत होतो. पावसाळा संपू दे, दिवाळी येऊ दे, समोरची सोसायटी भरू दे, सिंहस्थ जवळ आला की आपोआप चालेल.

त्याच हिवाळ्यात आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एक इच्छा बोलून दाखवली. आयुष्य गोदाकाठी गेलं, गंगापूर धरणाच्या पलीकडे मोठं पाणी पाहिलं नाही, एकदा समुद्रात आत जाऊन मासे धरायचे आहेत. म्हणून अण्णा, मी, बायको आणि आठ वर्षांची लेक असे चौघे निघालो. कसारा घाट उतरून पनवेल, माणगाव, मंडणगड करत रात्री दापोली तालुक्यातल्या हर्णैला पोचलो.

तांडेलाची अट

हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं मासेमारी बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा, आणि किनाऱ्यावर माशांचा लिलाव. आदल्या संध्याकाळी ज्यांची होडी ठरवली ते स्वतःच तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, त्याच्या हाताखाली खलाशी. पैसे ठरल्यावर त्यांनी एक अट घातली.

"सकाळी सातला निघू. दहाला गळ वर. मासा लागत असला तरी वर. कबूल असेल तर या."

मी हसून हो म्हटलं. सुट्टीवर आलेला माणूस अशा अटी कुठे मनावर घेतो?

सकाळी लाइफ जॅकेट घालून निघालो. किनारा मागे पडला, कर्द्याच्या बाजूला दक्षिणेकडे बरंच आत गेलो. आठ-दहा वाव पाणी असेल असं तांडेल म्हणाले. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. मोठे ट्रॉलर तर याच्या कितीतरी पुढे जातात, बर्फ, डिझेल आणि शिधा भरून काही दिवस तिकडेच राहतात. आमच्यासाठी मात्र एवढंच भरपूर खोल होतं.

दोरीला शिसं, गळाला कोळंबीचा तुकडा. पहिले दोन तास जवळपास काहीच नाही. बायकोला मळमळायला लागलं, ती आलेपाक चघळत डोळे मिटून बसली. लेक दर पाच मिनिटांनी विचारत होती, "मासे झोपलेत का?"

पावणेदहाला अण्णांच्या दोरीला ओढ बसली. एक ढोमी आली. लगेच दुसरी. मग लेकीच्या गळाला शेंगाळा लागला. त्याचा काटा विषारी असतो म्हणून तांडेलांनी तो स्वतः सोडवला. अण्णा सत्तरीचा माणूस, लहान मुलासारखे ओरडत होते. पंचवीस मिनिटांपूर्वी मरगळलेली होडी एकदम जागी झाली.

आणि बरोबर दहाला तांडेल म्हणाले, "गळ वर घ्या."

मी काय केलं

मी चिडलो. म्हटलं, "मामा, आत्ता कुठे लागायला लागलेत. अजून एक तास थांबा. हजार रुपये जास्त देतो."

"नको शेठ."

"दीड हजार."

त्यांनी इंजिन सुरू केलं. वळवता वळवता शांतपणे समजावून सांगितलं. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. दिवस वर आला, जमीन तापली की वारा उलटतो, समुद्राकडून येतो, तो खारा वारा. पूर्वी शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर जायच्या आणि खाऱ्यावर घरी यायच्या. पण त्या दिवशी वायव्येचा जोर वाढणार असा त्यांचा अंदाज होता, आणि आम्ही दक्षिणेला गेलो होतो. म्हणजे परतताना लाटा तोंडावर. जे अंतर पाऊण तासात कापलं त्याला दीड तास लागणार, डिझेल जास्त जाणार, आणि होडीत म्हातारा माणूस नि लहान पोर.

डिझेलचा हिशोबही सांगितला. टाकीचे मनातल्या मनात तीन भाग करायचे. एक भाग जायला, एक यायला, एक अडचणीला. तिसऱ्या भागाला हात लावायची वेळ येण्याआधी फिरायचं. छोट्या बोटी चालवणारे लोक जगात अनेक ठिकाणी हाच ढोबळ नियम पाळतात, हे मी नंतर वाचलं.

मी विचारलं, "पण मासा लागत असताना सोडवतं कसं?"

ते म्हणाले, "म्हणून तर काल सांगितलं. इथे ठरवायला गेलो तर मी पण थांबलो असतो."

साडेअकराला आम्ही किनाऱ्यावर होतो. एकूण नऊ मासे, लेक रुसलेली. दुपारी जेवायला बसलो तेव्हा समुद्रावर पांढरा फेस दिसत होता. फिरायला गेलेली एक होडी परत आली, त्यातले लोक नखशिखांत भिजलेले आणि एक बाई रडणाऱ्या मुलाला घट्ट धरून. कुणाला काही झालं नाही. पण अण्णा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "दीड हजार वाचले तुझे."

लिलावात कळलेली दुसरी गोष्ट

संध्याकाळी लिलाव बघायला गेलो. मासळीचे ढीग, भोवती व्यापारी, बोली चढते आणि मिनिटात माल उचलला जातो. भाव मच्छीमाराच्या हातात नाही, मासा किती मिळणार हेही नाही. मग त्याच्या हातात काय? खर्च आणि वेळ.

ट्रॉलरच्या फेरीचा हिशोब विचारला. विक्रीच्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा होतो. उरलेल्यातून होडीचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे. प्रमाण बंदराबंदराला वेगळं, पण क्रम हाच. खर्च निघाला नाही तर वाटायला काही नसतं, हे सगळ्यांसमोर स्पष्ट होतं. वर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी, म्हणजे दहा महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं. असा माणूस एका फेरीवर सगळं लावत नाही. त्याला उद्याही होडी समुद्रात न्यायची असते.

मी मात्र दुसऱ्या दुकानाचा खर्च पंचवटीच्या गल्ल्यातून भरत होतो आणि त्याला "थोडी मदत" म्हणत होतो.

रात्री मांडलेला हिशोब

सगळे झोपल्यावर मोबाईलवर आकडे काढले.

- भाडं २२,०००, मुलाचा पगार १४,०००, वीज आणि किरकोळ ३,०००. महिन्याचा ठरलेला खर्च ३९,०००.
- मालावर सुटणारं मार्जिन सरासरी १५ टक्के.
- खर्च भरून निघायला लागणारी विक्री : ३९,००० भागिले ०.१५, म्हणजे २,६०,०००.
- प्रत्यक्ष सरासरी विक्री १,७०,०००. त्यावर मार्जिन २५,५००.
- दर महिन्याचा तोटा १३,५००. चौदा महिन्यांचा १,८९,०००.

सगळ्यात बोलका आकडा दिवाळीच्या महिन्याचा होता. विक्री २,१०,०००, मार्जिन ३१,५००. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या महिन्यातसुद्धा दुकान तोट्यात. आणि मी सिंहस्थाची वाट बघत होतो!

सहा महिन्यांची मर्यादा आधी ठरवली असती तर तोटा ८१,००० वर थांबला असता. उरलेले १,०८,००० रुपये मी फक्त "आता लागेल, आता लागेल" या आशेवर घालवले. गंमत म्हणजे मला हे गणित येत होतं. बीबीएला शिकलो होतो, तुम्हाला शिकवतही होतो. स्वतःच्या दुकानाला लावायची हिंमत नव्हती, कारण उद्घाटनाला जेवलेले दोनशे लोक डोळ्यांसमोर होते.

परत आल्यावर जागामालकाला नोटीस दिली. माल पंचवटीत आणला. तिथल्या मुलाला कामावर ठेवलं आणि त्या भागातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना गाडीवरून माल पोचवायला लागलो. भाड्याचे २२,००० थांबले. बांगड्या सोडवायला पुढचे अकरा महिने लागले.

मग लवकर हार मानायची का?

नाही. तांडेल पहिल्या दोन तासांत मासा नाही म्हणून परत फिरले नाहीत. दहापर्यंत पूर्ण प्रयत्न केला. मर्यादेचे दोन्ही अर्थ लक्षात घ्या. त्या वेळेआधी घाबरून पळायचं नाही, आणि त्या वेळेनंतर रेंगाळायचं नाही. कधीकधी यात मासे सुटतात. आमचेही सुटले. ती या नियमाची किंमत आहे, आणि ती मान्य करूनच नियम करायचा.

गृहपाठ

नवीन दुकान, शाखा किंवा नवीन माल सुरू करण्याआधी कागदावर चार ओळी लिहा.

१. वेळ : किती महिने देणार? धंदा हंगामी असेल तर एक पूर्ण हंगाम त्यात यायलाच हवा.
२. पैसा : जास्तीत जास्त किती तोटा सोसणार? हातातल्या पैशाचे तीन भाग करा. एक सुरू करायला, एक चालवायला, तिसरा बंद करायची वेळ आली तर देणी फेडायला. तिसऱ्या भागाला हात लावायचा नाही.
३. खूण : कोणता आकडा दिसला तर पुढे जायचं? उदाहरणार्थ, "सहाव्या महिन्यात विक्री २,६०,०००".
४. साक्षीदार : हा कागद घरातल्या एका माणसाकडे द्या. ठरलेल्या तारखेला तो तुमच्यासमोर ठेवायचं काम त्याचं.

चालू धंदा तोट्यात असेल तर आजची तारीख घालून हाच कागद लिहा. आधी घातलेले पैसे त्यात धरू नका. ते परत येणार नाहीत, पुढचे मात्र वाचू शकतात.

आमच्या घरी असा कागद आता बायकोकडे असतो. नवीन माल घ्यायचं म्हटलं की ती विचारते, "दहा कधी वाजणार ते लिहिलंस का?"

पुढच्या भागात मार्जिन कसं काढायचं ते बघू. भेटू.