ओळखीचं वाटतं तिथेच जपा

घानाला स्वयंसेवक म्हणून निघालेल्या मराठी माणसाला मी आधी हे सांगते: तिथे जे परकं वाटेल त्याची फार चिंता करू नका, ते तुम्ही आपोआपच जपून हाताळाल. जे ओळखीचं वाटेल तिथे सावध राहा. मी रत्नागिरीची. अक्राहून कोफोरिडुआला, म्हणजे आमच्या प्रशिक्षणाच्या गावी जाताना दुतर्फा तांबडी माती, आंबे, केळी आणि वर जूनचं भरून आलेलं आभाळ. आपल्याच मुलखात आल्यासारखं वाटलं. पहिल्या आठवड्यांत आमच्यावर जे जे गुदरलं, त्यातलं बरंचसं या वाटण्यातूनच आलं.

सगळ्यांत मोठी गोष्ट मलेरियाची. आमच्या तुकडीत विदर्भातला एक तरुण इंजिनिअर होता. मलेरिया होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनने त्याला मळमळायचं. 'आपण डासांतच वाढलो, लहानपणी मलेरिया होऊन गेलाय' असं म्हणून त्याने गोळी बंद केली, आणि कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी, वर्गातल्या उकाड्यात, त्याला हुडहुडी भरली. दवाखान्यातल्या नर्सने बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत बसलो. पहिली रेघ लगेच आली. दुसरी आधी फिकट, मग ठळक. फॅल्सिपेरम मलेरिया. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ चार-चार गोळ्या, त्याही काहीतरी स्निग्ध खाऊन, कारण त्याशिवाय ते औषध अंगी नीट लागत नाही. वेळेत गेल्यामुळे तो बरा झाला. पण पुढे कितीतरी दिवस जिना चढताना मध्येच बसायचा.

हे नीट समजून घ्या. आपल्याकडे मलेरियाचे व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम हे दोन्ही प्रकार आढळतात. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक मलेरिया फॅल्सिपेरमच, आणि हा ताप उपचाराशिवाय एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तिथल्या मोठ्या माणसांना तो सौम्य होताना दिसतो, कारण सतत लागण होत राहिल्याने त्यांच्यात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. तीही टिकाऊ नाही. काही वर्षं परदेशी राहिलेल्या घानाच्या माणसाची ओसरते. मग लहानपणी कधीतरी आलेल्या तापाच्या भरवशावर आपण कसं राहायचं? लहान मुलांत तर ती शक्ती तयारच झालेली नसते, म्हणून जगात मलेरियाने सर्वाधिक जातात ती आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. मुलांसाठीच्या मलेरियाच्या लशीचा पथदर्शी वापर 2019 मध्ये ज्या तीन देशांत सुरू झाला, त्यांत घाना होता. मी ज्यांच्या घरी राहत होते त्या आंटी रोज रात्री नातवाच्या मच्छरदाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचायच्या आणि मग माझ्या खोलीच्या दारातून विचारायच्या, 'तुझी खोचलीस ना?' ती काळजी मला आजही मोलाची वाटते.

तेव्हा गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून सुरू करा. डॉक्सिसायक्लिन असेल तर जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होऊ शकते. उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गोळी सोसत नसेल तर बदलून मागा. इतर औषधं आहेत, ती सोय असताना गुपचूप बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. तिथे पोचून आठवडा झाल्यानंतर आलेला कुठलाही ताप मलेरियाच समजा आणि त्याच दिवशी रक्त तपासा.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. दाखला घानात शिरताना लागतो आणि भारतात परतताना त्याहून कडकपणे पाहिला जातो. तो आजार आपल्याकडे नाही, पण पसरवू शकणारा डास आहे.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचं आधीच बोलून घ्यावं. 'मटण-चिकन नको' म्हटलं की ताटात मासा येतो, त्यात कोणाचा फसवण्याचा हेतू नसतो. भाजीच्या रश्श्यात सुका किंवा धुरावलेला मासा बहुधा असतोच, शिटो नावाच्या काळ्या तिखटातही असतो. चवळी आणि तळलेल्या केळ्यांचं 'रेड रेड' किंवा चवळी-भाताचं 'वाच्ये' मागा, तेही 'मासा नको, कोळंबी नको' असं नाव घेऊन. ही मागणी पहिल्या दिवशीच करा. घरच्या बाईने दुपारभर उखळात फुफू कुटून वाढल्यावर ताट सरकवणं फार जिव्हारी लागतं.

डाव्या हाताचंही तसंच. आपण डाव्या हाताने प्रसाद घेत नाही, म्हणून हा नियम आपल्याला माहीत आहे असं वाटतं. पण तिथे डाव्या हाताने पैसे देणं, रस्ता दाखवणं, लांबून हात हलवणं, सगळंच अपमानाचं. बसलेल्या लोकांत गेलात तर उजवीकडून सुरुवात करून एकेकाला अभिवादन करा. कोणाच्या घरी गेलात तर बसायला आणि प्यायला पाणी मिळेल, मग येण्याचं कारण विचारतील. तोवर कामाचा विषय काढू नका. अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेची पहिली तुकडी 30 ऑगस्ट 1961 रोजी अक्राला उतरली ती ट्वी या तिथल्या भाषेतलं गाणं म्हणत. तुम्हाला निदान सकाळ-दुपार-संध्याकाळचं अभिवादन ट्वीत यायलाच हवं. माझ्या तोडक्यामोडक्या उच्चारांवर बाजारातल्या बायका इतक्या खूश व्हायच्या की पुढचं शिकायला हुरूप यायचा.

रस्त्याकडेची गटारं खोल आणि बरीचशी उघडी असतात. वीज गेली की काही दिसत नाही, म्हणून विजेरी खिशातच ठेवा.

आणि हे सगळं सांभाळून घरी आलात की गोळी लगेच थांबवू नका. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. त्यानंतर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ताप आला तर रत्नागिरीत असा की लातुरात, डॉक्टरांना लक्षणांच्या आधी सांगा की तुम्ही पश्चिम आफ्रिकेतून आला आहात.