घरातला कॉम्प्युटर आणि आपला विमा

आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब अपार्टमेंटमध्ये राहते. गणेशोत्सवाचा कार्यक्रम आटोपून रात्री घरी परतले, तर दार फोडलेले. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये होते म्हणून वाचले, पण टेबलावरचा कॉम्प्युटर आणि शेजारची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क दोन्ही गेली. विमा होता, त्यामुळे यजमान निश्चिंत होते. महिन्याभराने विमा कंपनीचा चेक आला. रक्कम होती साठ डॉलर!

कंपनीने फसवले का? नाही. पॉलिसीत लिहिले होते तेवढेच तिने दिले. पॉलिसीत काय लिहिले आहे, हे मात्र यजमानांनी पहिल्यांदा वाचले ते चोरी झाल्यावर. बैल गेला अन् झोपा केला, त्यातला हा प्रकार. आपल्यापैकी अनेकांची स्थिती वेगळी नाही. आपण वाढलो त्या घरांत विमा म्हटला की आयुर्विमा एवढेच डोक्यात असे. घरातल्या सामानाचा विमा उतरवायची सवय आपल्याला अमेरिकेत आल्यावर लागली, आणि तीसुद्धा बऱ्याचदा बँकेने किंवा घरमालकाने सक्ती केली म्हणून. म्हणून या अंकात थोडी उजळणी करू.

कोणत्या पॉलिसीत काय?

घरातल्या कॉम्प्युटरसाठी बहुधा वेगळी पॉलिसी लागत नाही. आपल्या घराच्या पॉलिसीत ‘वैयक्तिक सामान’ असा एक भाग असतो आणि कॉम्प्युटर त्यात येतो. स्वतःचे स्वतंत्र घर असेल तर पॉलिसी सहसा एचओ-३ प्रकारची, काँडो असेल तर एचओ-६ आणि भाड्याचे घर असेल तर एचओ-४, म्हणजेच रेंटर्स इन्शुरन्स.

येथे दोन गैरसमज वारंवार दिसतात. पहिला म्हणजे ‘घरमालकाचा विमा आहेच’. तो इमारतीचा असतो. भाडेकरूचे सामान त्यात येत नाही. काँडो असोसिएशनच्या पॉलिसीचेही तसेच. दुसरा गैरसमज भारतातून नुकत्याच आलेल्या तरुण मंडळींचा. तिघे मिळून अपार्टमेंट घेतात, एकजण रेंटर्स इन्शुरन्स काढतो आणि तिघांचेही भागले असे समजतात. रूममेट हा नातेवाईक नसतो. पॉलिसीवर त्याचे नाव नसेल तर त्याच्या लॅपटॉपला संरक्षण नाही. रेंटर्स इन्शुरन्स अनेक ठिकाणी महिन्याला पंधरा ते पंचवीस डॉलरांत मिळतो, तेव्हा ज्याने त्याने आपापला काढावा हे उत्तम.

कशापासून संरक्षण, आणि कशापासून नाही?

पॉलिसीत घराच्या इमारतीला बहुतेक सर्व प्रकारच्या अपघातांपासून संरक्षण असते, पण सामानाला केवळ यादीत नावे दिलेल्या संकटांपासून. आग, धूर, वीज कोसळणे, वादळ, चोरी, नासधूस, पाइप फुटून अचानक आलेले पाणी अशी ती यादी असते. यादीत नसलेले कारण असेल तर पैसे नाहीत. कॉम्प्युटरच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो:

चहा की-बोर्डवर सांडला: यादीत नाही.

लॅपटॉप हातातून पडून स्क्रीन फुटली: यादीत नाही.

जुना झाला म्हणून आतला भाग निकामी झाला: यादीत नाही.

विमानतळावर कुठेतरी विसरला: चोरी नव्हे, म्हणून नाही. मात्र एका ठरावीक ठिकाणी ठेवला होता आणि तेथून तो चोरीलाच गेला असावा असे दिसत असेल, तर बहुतेक पॉलिसी त्याला चोरी मानतात.

पूर किंवा भूकंप: दोन्ही वगळलेले. पुरासाठी सरकारी योजनेची वेगळी पॉलिसी मिळते. तीत घरातील सामानासाठी जास्तीत जास्त १,००,००० डॉलरचे संरक्षण घेता येते, पण भरपाई जुन्या वस्तूच्या किमतीने होते. शिवाय पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. आकाशात ढग पाहून फोन करण्यात अर्थ नाही.

विजेची गोष्ट जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. आकाशातून वीज कोसळून कॉम्प्युटर जळाला तर ते ‘वीज कोसळणे’ या सदरात येते आणि भरपाई मिळते. पण वीज कंपनीच्या तारेतून अचानक जास्त दाबाचा प्रवाह आला आणि आतले सर्किट जळाले, तर अनेक पॉलिसींमध्ये कॉम्प्युटर व तत्सम उपकरणांचे इलेक्ट्रॉनिक भाग स्पष्टपणे वगळलेले असतात. म्हणून सर्ज प्रोटेक्टरवर थोडे पैसे खर्च करणे शहाणपणाचे. वादळात प्लग काढून ठेवणे त्याहून चांगले, आणि ते फुकट आहे.

साठ डॉलर कसे झाले?

आता त्या चेककडे वळू. कॉम्प्युटर तीन वर्षांपूर्वी घेतला होता. तसाच नवा घ्यायला चोरीच्या वेळी १,४०० डॉलर लागत होते. कंपनीने कॉम्प्युटरचे आयुष्य पाच वर्षे धरले. तीन वर्षे संपली, दोन उरली. म्हणून किंमत १,४०० च्या दोन पंचमांश, म्हणजे ५६० डॉलर. त्यातून ५०० डॉलर डिडक्टिबल वजा. उरले ६०. डिडक्टिबल १,००० असते तर काहीच मिळाले नसते. हार्ड डिस्कची पावती नव्हती आणि ती यादीत लिहायचीही राहून गेली.

या हिशेबाला ‘ॲक्चुअल कॅश व्हॅल्यू’ म्हणतात, म्हणजे झीज वजा करून उरलेली किंमत. दुसरा प्रकार ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’, म्हणजे तशीच वस्तू आज नवी घेण्याचा खर्च. त्यांच्या पॉलिसीत हा दुसरा प्रकार असता तर १,४०० वजा ५०० असे ९०० डॉलर मिळाले असते. मात्र तेही एकदम मिळतातच असे नाही. कंपनी सहसा आधी झीज वजा करून ६० डॉलर देते. आपण नवा कॉम्प्युटर घेऊन पावती पाठवली की उरलेले ८४० देते. त्यासाठी मुदत असते, आणि ती पाळली नाही तर हक्क जातो. टीव्ही, फर्निचर, कपडे या साऱ्यांनाच हा नियम लागू आहे. घराला आग लागली तर फरक शेकड्यांचा नाही, हजारोंचा पडतो. म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानांवर आपल्या सामानासाठी यांपैकी काय लिहिले आहे, ते आजच पाहावे. रिप्लेसमेंट कॉस्टसाठी प्रीमियम थोडा वाढतो, पण बहुतेक कुटुंबांना तो परवडतो.

आपल्या घरांत हमखास येणारे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी कॉलेजला गेली आहे. डॉर्ममधल्या कॉम्प्युटरला आईवडिलांच्या पॉलिसीचे संरक्षण बहुधा असते, पण मर्यादित. साधारणपणे सामानाच्या एकूण रकमेच्या १० टक्के. एकूण ६०,००० डॉलरचे संरक्षण असेल तर डॉर्ममधील सगळ्या सामानाला मिळून ६,०००. शिवाय चोरीपूर्वीच्या ठरावीक काळात, पॉलिसीनुसार ६० किंवा ९० दिवसांत, मूल तेथे राहिलेले असावे अशी अट असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सामान डॉर्मवर ठेवून घरी येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मुलाने बाहेर स्वतःचे अपार्टमेंट घेतले असेल तर त्याच्या नावाने रेंटर्स इन्शुरन्स काढणे बरे.

गाडीतून लॅपटॉप चोरीला गेला. गाडीचा विमा गाडीची फुटलेली काच देईल, लॅपटॉप देणार नाही. तो दावा घराच्या किंवा रेंटर्स पॉलिसीवर करावा लागतो.

भारतात जाताना लॅपटॉप नेला. या पॉलिसी सहसा जगभर लागू असतात. पण मुंबईत चोरी झाली तर परतण्याआधी तेथील पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घेतलीच पाहिजे. इथे आल्यावर ती मिळवणे म्हणजे मामा-काकांना ठाण्याच्या फेऱ्या मारायला लावणे. लॅपटॉप चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नये.

घरून धंदा चालतो. मुख्यतः कामासाठी वापरलेल्या वस्तूंना घराच्या पॉलिसीत वेगळी, कमी मर्यादा असते. बहुतेक पॉलिसींमध्ये घरात २,५०० डॉलर, आणि घराबाहेर त्याहूनही कमी. स्वतंत्र कन्सल्टिंग करणारे, ट्यूशन घेणारे किंवा टॅक्स भरून देणारे यांनी एजंटला तसे स्पष्ट सांगून मर्यादा वाढवून घ्यावी. नोकरीच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा असतो. तो गेल्यास जबाबदारी कोणाची, हे कंपनीलाच विचारावे.

घरातली खोली भाड्याने दिली आहे. भाड्याने दिलेल्या त्या भागातून आपली वस्तू चोरीला गेली तर अनेक पॉलिसी भरपाई देत नाहीत. आपला जुना कॉम्प्युटर भाडेकरूच्या खोलीत ठेवू नये.

जादा संरक्षण घ्यावे का?

चहा सांडणे, हातातून पडणे यांची भरपाई हवी असेल तर त्या वस्तूची स्वतंत्र नोंद करून घेता येते. एजंट याला ‘शेड्यूल’ करणे किंवा ‘फ्लोटर’ म्हणतात. यात अपघाती नुकसानही येते आणि डिडक्टिबल बहुधा कमी किंवा शून्य असते. महागडा कॉम्प्युटर किंवा व्हिडिओची महाग सामग्री असेल तर विचार करावा. साध्या घरगुती कॉम्प्युटरसाठी मात्र आधी आपले क्रेडिट कार्ड पाहा. काही कार्डांवर घेतलेल्या वस्तूला पहिले ९० ते १२० दिवस चोरी व अपघाती नुकसानापासून संरक्षण मिळते, आणि काही कार्डे उत्पादकाची वॉरंटीही वाढवून देतात. हे पाहिल्याशिवाय दुकानदाराने गळ्यात मारलेली वाढीव वॉरंटी घेऊ नये.

दावा करावा की नाही?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण महत्त्वाचा आहे. आपले दावे विमा कंपन्यांच्या सामाईक नोंदीत सात वर्षांपर्यंत राहू शकतात. पुढे प्रीमियम वाढू शकतो, दुसरी कंपनी नाही म्हणू शकते. म्हणून साठ डॉलरसाठी दावा करणे व्यवहाराचे नाही. आमच्या परिचितांनी तो केला आणि नोंद मात्र लावून घेतली. याचाच दुसरा अर्थ असा, की छोटे नुकसान सोसायची आपली तयारी असेल तर डिडक्टिबल जास्त ठेवून प्रीमियम वाचवावा आणि विमा मोठ्या संकटासाठी राखावा.

चोरीच्या नुकसानीची इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळेल, ही जुनी समजूतही सोडून द्यावी. २०१८ पासून जाहीर झालेल्या आपत्तीत झालेले नुकसान सोडले, तर घरगुती वस्तूंच्या चोरीची वजावट फेडरल टॅक्समध्ये मिळत नाही.

विम्याला भरून न देता येणारी गोष्ट

त्या कुटुंबाने कॉम्प्युटर आठवड्याभरात नवा आणला. पण आदल्या वर्षी आईंच्या शेवटच्या आजारपणात पुण्याला काढलेले फोटो आणि त्यांच्या आवाजातली ओव्यांची रेकॉर्डिंग त्या मशीनवर व शेजारच्याच डिस्कवर होती. दोन्ही एकाच टेबलावर असल्याने एकदमच गेली. विमा मशीनचा असतो, त्यातल्या माहितीचा नसतो. म्हणून महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी प्रत घराबाहेर असावी. नातेवाइकांकडे ठेवलेली डिस्क चालेल, इंटरनेटवरील साठवणही चालेल.

दुसरा धोका गेलेल्या माहितीच्या गैरवापराचा. टॅक्स रिटर्नवर साऱ्या कुटुंबाचे सोशल सिक्युरिटी नंबर असतात. डिस्क सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद करण्याची सोय कॉम्प्युटरमध्येच असते, विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत बिटलॉकर आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट. ती चालू ठेवावी. तरीही चोरी झालीच तर इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडे आपले क्रेडिट गोठवून ठेवावे. २०१८ पासून हे मोफत आहे.

या शनिवारी करावयाची कामे

१. पॉलिसी काढून तीन गोष्टी एका कागदावर लिहा: सामानासाठी एकूण रक्कम, डिडक्टिबल आणि भरपाईचा प्रकार.

२. घरातल्या प्रत्येक खोलीचा फोनवर व्हिडिओ काढा. कपाटे उघडून दाखवा.

३. कॉम्प्युटर, प्रिंटर, हार्ड डिस्क यांचे मॉडेल व सीरियल नंबर लिहा, पावत्यांचे फोटो काढा. ही यादी त्याच कॉम्प्युटरवर ठेवू नका. एक प्रत भावाबहिणीला पाठवा.

४. फोटो व कागदपत्रांची एक प्रत घराबाहेर ठेवा.

५. चोरी झालीच तर कशालाही हात न लावता प्रथम पोलिसांना कळवा, रिपोर्टचा नंबर घ्या, त्याच दिवशी सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि एजंटला फोन करा. कोणाशी काय बोलणे झाले, ते तारखेसह लिहून ठेवा. यादी सावकाश आणि पूर्ण करा. विसरलेल्या वस्तूची भरपाई कोणी आपणहून देत नाही.

वर दिलेली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक राज्याचे नियम आणि प्रत्येक कंपनीची पॉलिसी वेगळी असते, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी एजंटकडून खात्री करून घ्यावी, आणि उत्तर शक्यतो लेखी मागावे. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला असे वाटले तर आपल्या राज्याच्या इन्शुरन्स विभागाकडे तक्रार करता येते.

आमच्या परिचितांकडे आता रिप्लेसमेंट कॉस्टची पॉलिसी आहे. ओव्यांची एक रेकॉर्डिंग योगायोगाने नाशिकच्या मावशींच्या फोनवर सापडली. तिच्या आता तीन प्रती आहेत.