संकेतस्थळ, छायाचित्र आणि शिक्षण

वीरगळ म्हणजे काय, हे वर्गात कितीही रंगवून सांगितले, तरी ज्याने वीरगळ पाहिलेला नाही त्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. अशा वेळी चांगले छायाचित्र आणि ते घरोघर पोचविणारे संकेतस्थळ, ही साधने मोलाची ठरतात. मात्र छायाचित्र शोभेसाठी लावणे वेगळे आणि शिकविण्यासाठी लावणे वेगळे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

वीरगळाचेच उदाहरण घेऊ. लढाईत कामी आलेल्या वीराची ही स्मृतिशिळा. तिच्यावरील चौकटी खालून वर वाचायच्या असतात. तळाशी युद्धप्रसंग, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ते असेतोवर वीराची कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ.

आता ही शिळा कशी टिपावी? सूर्य आपल्या पाठीशी असला किंवा फ्लॅश समोरून मारला, तर कोरीवकाम सपाट दिसते. प्रकाश एका बाजूने तिरपा पडला की प्रत्येक रेषेला सावली मिळते आणि झिजलेली आकृतीही उठून दिसते. म्हणून शिळेचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे पाहून वेळ निवडावी. शिळा सावलीत असेल तर बाजूने विजेरी धरावी. कॅमेरा शिळेच्या मध्याच्या उंचीवर, अगदी समोर असावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. अक्षरे उठावीत म्हणून खडू फासणे वा तेल लावणे मात्र सर्वथा टाळावे. त्याने दगडाची हानी होते.

संकेतस्थळावर आधी परिसर, मग संपूर्ण शिळा आणि त्यानंतर एकेक चौकट, असा क्रम ठेवावा. प्रत्येक चित्राखाली गाव, तालुका, दिनांक, मोजमाप आणि दोन ओळींचे वर्णन हवे. अंध वाचकांच्या संगणकाला वाचून दाखविता येईल असे वर्णनही चित्राला जोडावे. मूळ मोठे चित्र जपून ठेवावे व पानावर लहान प्रत लावावी. म्हणजे खेड्यातील विद्यार्थ्याला साध्या मोबाइलवरही ते पाहता येईल.

हा खटाटोप कशासाठी? रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. प्रत एकाच ठिकाणी असली की एक आग पुरते. संकेतस्थळावरील चित्र अनेक ठिकाणी जतन करता येते. आपल्या गावाबाहेरच्या शिळा ऊनपाऊस सोसत झिजत आहेत. काहींवर तैलरंगाचे थर चढत आहेत. उद्या एखादी शिळा नाहीशी झाली, तर तिचा पुरावा म्हणून नाव, गाव आणि दिनांक असलेले एक स्पष्ट छायाचित्रच उरेल. ते टिपण्याचे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे.