ट्रायल सायकलचा रिम ब्रेक आणि त्याचा अडॅप्टर



मधल्या सुट्टीत सायकल स्टँडजवळ काही मुले मागच्या चाकावर सायकल उभी करून उड्या मारण्याचा सराव करताना आम्ही पाहतो. हे वेड मोबाइलवरून आले आहे, हे सांगायला नको. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलने एडिनबरा शहरात कुंपणाच्या टोकदार गजांवरून सायकल चालवली. ती चित्रफीत 2009 साली जगभर गाजली आणि तुमच्यापैकी बरेच जण अजूनही ती पाहतात. पाहायला आमची हरकत नाही. मात्र त्या सायकलीचा ब्रेक आणि तुमच्या सायकलीचा ब्रेक यांत काय फरक आहे, हे उडी मारण्यापूर्वी समजून घ्यावे, म्हणून हा पाठ लिहीत आहोत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घर्षण, द्रवाचा दाब आणि बल-आघूर्ण या तिन्ही गोष्टी यात एकत्र भेटतील. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तेव्हा 'बल-आघूर्ण' हा शब्द महिनाभर नुसता घोकत होतो. पाना हातात आल्यावर तो पाच मिनिटांत समजला.)

आधी खेळाची ओळख. मोटारसायकलींच्या ट्रायल स्पर्धांत वेगाला महत्त्व नसते. दगड, ओंडके, चढउतार यांवरून पाय न टेकता गाडी नेण्याला असते. स्पेनमधील कॅटालोनियात पेरे पी हे अशा स्पर्धांतले नामवंत चालक होते. त्यांनी आपला मुलगा ओट याला हाच खेळ लहान सायकलीवर शिकवला, आणि पुढे ओट पी अनेकदा जगज्जेता झाला. सायकल ट्रायलच्या जागतिक स्पर्धा 1986 पासून होत आहेत. 20 इंची आणि 26 इंची चाकांचे त्यात वेगळे गट असतात. स्पर्धेच्या सायकलीला बहुधा सीटच नसते, कारण बसायला वेळ कोणाला आहे!

आता मुद्द्याकडे येऊ. खेळाडू खडकाच्या कडेवर मागच्या चाकावर उभा असतो, तेव्हा त्याचे चाक जराही फिरता कामा नये. आपल्याला ब्रेक वेग कमी करण्यासाठी लागतो. त्याला चाक कुलूप लावल्यासारखे धरून ठेवण्यासाठी लागतो. समजा, तोल सावरताना टायरवर जमिनीकडून 300 न्यूटन इतके बल आडवे लागले. 26 इंची चाकाची त्रिज्या साधारण 33 सें.मी. धरू. रिमवर पॅड जेथे टेकतो, तेथपर्यंतचे अंतर साधारण 27 सें.मी. धरू. आघूर्ण म्हणजे बल गुणिले त्रिज्या, म्हणून पॅडला 300 × 33 ÷ 27, म्हणजे सुमारे 367 न्यूटन बलाने रिम रोखावी लागेल. हेच काम 160 मि.मी. व्यासाच्या डिस्कवर, मध्यापासून साडेसात सें.मी. अंतरावर करायचे तर 1320 न्यूटन लागतात. यावरून डिस्क ब्रेक वाईट असे कोणी समजू नये. तो अधिक दाबाने आणि कडक पॅडने ही भरपाई करतो, आणि आज ट्रायलमध्येही तो पुष्कळ वापरतात. पण डिस्कचा जोर हब आणि आऱ्यांमधून रिमपर्यंत पोहोचतो, त्यात किंचित लवचीकपणा येतो. रिम ब्रेक रिमलाच पकडतो. म्हणून मागच्या चाकाला रिम ब्रेकच हवा म्हणणारे खेळाडू अजूनही आहेत.

हा ब्रेक तारेचा नसतो, तेलाचा असतो. जर्मनीतील बाड उराख गावी गुस्ताव मागेनविर्त यांनी 1893 मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे नाव 'मागुरा'. आडनावाची आणि गावाची पहिली अक्षरे जोडून ते झाले. या कारखान्याचा हायड्रॉलिक रिम ब्रेक ट्रायलवाल्यांनी उचलून धरला. लिव्हर दाबली की बारीक नळीतले खनिज तेल दोन्ही बाजूंच्या छोट्या सिलिंडरांत दाब पोहोचवते आणि प्रत्येक सिलिंडरातला दट्ट्या आपला पॅड रिमवर दाबतो. पास्कलचा नियम तुम्ही पुस्तकात वाचला आहेच. तारेला गंज लागतो, ती ताणते, वळणावर घासते. तेलाच्या नळीला यातले काही होत नाही.

पण एक अडचण उरते. सीटखालून मागच्या आसाकडे येणाऱ्या दोन नळ्यांवर, ब्रेक बसवण्यासाठी, बहुतेक सायकलींना एकेक खुंटी जोडलेली असते. ती व्ही-ब्रेकचा दांडा फिरण्यासाठी बनवलेली. सिलिंडर गोल, त्याला खुंटीत अडकायला भोक नाही. म्हणून मध्ये एक ॲल्युमिनियमचा तुकडा लागतो. तोच अडॅप्टर. त्याचे एक टोक बोल्टने खुंटीवर बसते आणि दुसऱ्या टोकाच्या कड्यात सिलिंडर बसतो. खास ट्रायलसाठी बनवलेल्या पुष्कळ फ्रेममध्ये खुंटीच नसते. तेथे प्रत्येक बाजूला दोन, असे एकूण चार आटे फ्रेममध्येच पाडलेले असतात आणि सिलिंडरचे कडे थेट त्यांवर कसतात.

एक बोल्ट आणि दोन बोल्ट यांत एवढे काय, असे कोणी विचारील. दारावर पाटी एकाच खिळ्याने लावून पाहा. ती खाली पडणार नाही, पण फिरेल. तसेच येथे होते. पॅडने रिम धरली की रिम पॅडला आपल्याबरोबर ओढते आणि अडॅप्टर खुंटीभोवती फिरू पाहतो. एका बोल्टच्या बसवणीत त्याला रोखतो तो केवळ बोल्टचा कस. शिवाय पॅड जितक्या जोराने रिमला आत दाबतो, तितक्याच जोराने सिलिंडर फ्रेमच्या नळीला बाहेर ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम. नळ्या फाकल्या की लिव्हर दाबली जाते, पण दाब रिमवर पडण्याऐवजी फाकण्यात खर्च होतो. यासाठी दोन्ही बाजूंचे अडॅप्टर चाकाच्या वरून जोडणारी घोड्याच्या नालासारखी एक पट्टी लावतात, तिला बूस्टर म्हणतात. आमच्या मते या सगळ्या जोडणीत लिव्हरपेक्षा याच दोन-तीन तुकड्यांकडे जास्त लक्ष द्यावे. महागडा ब्रेक ढिल्या अडॅप्टरवर लावला तर तो स्वस्त ब्रेकसारखाच वागतो.

बसवताना पहिले काम चाकाचे. चाकाची आऊट काढलेली नसेल तर पुढचे सारे व्यर्थ आहे, कारण रिम डोलत असेल तर पॅड जवळ आणताच येत नाही. मग खुंटी पुसून तिच्यावरचा गंज आणि उखडलेला रंग काढावा. बोल्ट आधी हाताने तीन-चार फेरे फिरवावा. तो हाताने जात नसेल तर आटे तिरपे लागत आहेत. तेथे पाना लावून जोर केला की खुंटीचे आटे गेले, आणि खुंटी फ्रेमला पक्की जोडलेली असेल तर फ्रेमचेच नुकसान झाले. अडॅप्टर डावे-उजवे वेगळे असू शकतात, ते अदलाबदल करू नयेत.

कडे ढिले असताना सिलिंडर आत-बाहेर सरकतो आणि स्वतःभोवती फिरतो. त्याचा उपयोग करून पॅडचा संपूर्ण चेहरा रिमला समांतर आणावा. पॅडची वरची कड रिमच्या कडेपासून एक-दोन मि.मी. खाली हवी. ती वर गेली तर टायर कापला जातो, आणि कापलेला टायर बहुधा उतारावरच फुटतो. पॅड आणि रिम यांत दोन्ही बाजूंना सारखे, दोन-तीन मि.मी. अंतर ठेवावे.

आता कसणे. बोल्ट किती कसायचा तो आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो. अशा बोल्टांसाठी तो साधारण 6 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ॲलन कीचा दांडा 10 सें.मी. लांब असेल तर टोकाला 60 न्यूटन, म्हणजे जवळपास सहा किलो वजनाइतका जोर झाला. धट्ट्याकट्ट्या मुलाचा हात सहज याच्या तिप्पट जोर लावतो आणि बोल्ट तोडतो. याकरिता टॉर्क रेंच नावाचा पाना येतो. कार्यानुभवाच्या खोलीसाठी असा एक पाना घ्यावा, ही आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे. आघूर्णाचा धडा फळ्यावर शिकवण्यापेक्षा तो हातात देऊन शिकवता येईल.

शेवटी परीक्षा. लिव्हर पूर्ण दाबून धरावी आणि सायकल पुढेमागे हलवावी. दुसऱ्या कोणी मागून पाहावे की नळ्या फाकतात का, अडॅप्टर फिरतो का, दोन्ही पॅड एकाच वेळी टेकतात का. सुरुवातीच्या वापरानंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

ट्रायलचे खेळाडू रिमची बाजू ग्राइंडरने खरबरीत करतात, हेही तुम्ही पाहिले असेल. त्याने पकड वाढते, आवाज कर्कश होतो आणि रिम झिजते. त्यांची ती रिम झिजायसाठीच असते, ते ती बदलतात. तुम्ही घरच्या सायकलीवर हा प्रयोग मुळीच करू नका. उलटा प्रयोगही नको: ब्रेक किंचाळतो म्हणून काही मुले रिमला सरसोंचे तेल चोळतात. आवाज जातो, आणि ब्रेकही जातो.

पालकांसाठी दोन शब्द. किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याचा उतार सायकलने उतरणारी मुले आपल्या शाळेत आहेत. त्यांच्या सायकलींना ट्रायलचा ब्रेक लागत नाही. आहे तो ब्रेक धड हवा. रबर धातूपर्यंत झिजले आहे का, बोल्ट ढिला आहे का, एवढे महिन्यातून एकदा पाहावे. ज्यांच्याकडे आजोबांच्या काळची रॉड ब्रेकची सायकल आहे, त्यांनी लक्षात घ्यावे की तिचे रबर रिमच्या बाजूंना नव्हे, आतल्या अंगाला टेकते, म्हणून दुकानात तसेच सांगून मागावे. अशी स्टीलची रिम पावसात भिजली की पकड फार कमी होते. त्या दिवशी उतारावर सायकल हातात धरून चालत उतरावे.