चोरी नासपतीची, प्रश्न आपला

सोळाशे वर्षांपूर्वीचं आत्मचरित्र आज कशाला वाचायचं? संत ऑगस्टीनचं ‘कन्फेशन्स’ हातात घेताना माझ्याही मनात हेच आलं. ऑगस्टीनचा जन्म इ. स. 354 चा, आजच्या अल्जेरियातला. 397 च्या सुमारास त्याने हे पुस्तक लॅटिनमध्ये लिहायला घेतलं. एकूण भाग तेरा, आणि सगळं बोलणं थेट देवाशी. त्यामुळे सुरुवातीला आपण कुणाची तरी प्रार्थना चोरून ऐकतोय असं वाटतं.

दुसऱ्या भागात तो सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेली नासपतीची चोरी सांगतो. भूक नव्हती. फळं बहुतेक डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा गोष्टीवर पानंच्या पानं! पण मशीनमधला बिघाड शोधावा तसा तो मन तपासतो. गरज नव्हती, मग कारण काय? हाती दोन गोष्टी लागतात: करू नये ते करण्याचीच मजा, आणि सोबत. एकटा असतो तर केलं नसतं, असं तो म्हणतो.

रॅगिंग करणाऱ्या टोळक्यातल्या प्रत्येकाला हे लागू पडत नाही का? देव मानणं ज्याच्या त्याच्याकडे. पण ही तपासणी कुणालाच चुकत नाही. निदान दुसरा भाग तरी वाचाच.